रामलिंगची न झालेली सहल

ता. वाशी, जि. धाराशिव
बुधवार, ११ फेब्रुवारी

तीर्थरूप प्रमोदिनी आत्या यांच्या चरणी शंतनूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलाय खरा, पण रविवारपासून कंबर धरल्यामुळे सध्या चारच अंगं जमिनीला लागतात, उरलेली चार प्रत्यक्ष भेटीत.) तुमचा उजवा डोळा आता कसा आहे? ऑपरेशननंतर महिनाभर बारीक अक्षर वाचायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून मुद्दाम एक ओळ सोडून एक ओळ लिहितो आहे, आणि त्यामुळंच पानं जास्त झाली आहेत. मजकूर फारसा नाही. काकांचा खोकला कमी झाला असेल. मात्र हे पत्र विष्णुपंत काकांना वाचून दाखवायला सांगू नका. पूजा सांगण्यात काकांची इतकी वर्षं गेली आहेत की लाइटबिलसुद्धा ते गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचतात. फोन केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडता, आणि मला जे सांगायचं आहे ते निम्म्या तुळजापूरला सांगायचं नाही. मी बरा आहे. म्हणजे तब्येतीनं बरा आहे. बाकीचं पुढं येतंच.

आत्या, तुम्ही एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलंत. मलाही तुम्हीच शिकवलंत, आणि तुमच्या त्या लाकडी पट्टीचा मान राखून सांगतो, तुमच्या काळी धडा हा धडा होता. बाईंनी वाचायचा, मुलींनी ऐकायचा, शब्दार्थ उतरवून घ्यायचे आणि परीक्षेत जसाच्या तसा परत करायचा. आता आधी धड्याचं कूळ ओळखावं लागतं. नोव्हेंबरात आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथं एका तरुण साहेबांनी (त्यांचा शर्ट तिन्ही दिवस इस्त्रीचा होता, यावरून ते वर्गावर जात नसावेत) सांगितलं की मुलांना ‘रिकाउंट टेक्स्ट’ वाचता आला पाहिजे. रिकाउंट म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचा क्रमवार वृत्तान्त. कोण, कधी, कुठं हे आधी. मग पहिल्यांदा काय झालं, नंतर काय झालं, शेवटी काय झालं. आणि सगळ्यात खाली, लिहिणाऱ्याला काय वाटलं. ऐकून मला हायसं वाटलं, कारण आमच्या गावात पारावर दिवसभर दुसरं काही चालतच नाही. फक्त पहिल्यांदा झालेलं तिथं कधी पहिल्यांदा येत नाही. साहेब तिन्ही दिवस इंग्रजीतच बोलले. आम्ही चाळीस शिक्षक माना हलवत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला उभं केलं आणि गेल्या रविवारी काय केलंत ते इंग्रजीत सांगा म्हणाले, तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. (त्या सुट्टीचे उपकार मी विसरणार नाही. हा विषय इथंच सोडू.)

प्रशिक्षणात मिळालेल्या पुस्तिकेत नमुन्याचा एक वृत्तान्त होता. टॉम नावाचा मुलगा आजोबांच्या मोटारीतून समुद्रावर जातो, वाळूचा किल्ला करतो, सँडविच खातो, लाट येऊन किल्ला मोडते, आणि टॉम थकलेला पण आनंदी असा घरी येतो. आमच्या आठवीत चौतीस मुलं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी खणखणीत वाचलं, कारण मी पुढं म्हणत होतो आणि ती मागून म्हणत होती. मग विचारलं, पहिल्यांदा काय झालं? मल्लेशनं हात वर करून सांगितलं की पहिल्यांदा मथळा झाला. नंतर काय झालं? नंतर तुम्ही फळ्यावर लिहिलंत. टॉमला शेवटी काय वाटलं, या प्रश्नावर सगळा वर्ग आपापल्या बाकाकडं बघू लागला. दुसऱ्या दिवशीचा तास समुद्र म्हणजे काय हे सांगण्यात गेला. तिसऱ्या दिवशी मल्लेशनं विचारलं, ‘सर, ह्यो टॉम कुणाचा?’ मी म्हटलं, कुणाचा म्हणजे? तर म्हणजे बापाचं नाव काय, गाव कोणतं, भावकीत कोण. आजोबांची मोटार आहे म्हणजे घरचं बरं असणार, मग बाप कुठं आहे, आणि तो समुद्रावर का आला नाही. पुस्तिकेत टॉमला बाप नव्हता. आणि तुम्हाला इकडचं माहीत आहे आत्या, माणूस कुणाचा हे कळल्याशिवाय त्याचं पुढं काय झालं हे इथं कुणी ऐकून घेत नाही. चौतीस मुलांनी टॉमला वाऱ्यावर सोडलं. इंग्रजीत लिहिलेलं काही कुणाच्या तरी आयुष्यात खरोखर घडलेलं असू शकतं, हेच त्यांना पटत नव्हतं. त्यांच्या लेखी इंग्रजी ही वहीत उतरवून घ्यायची वस्तू होती.

मग मला अवदसा आठवली. मी स्वतःच एक वृत्तान्त लिहायला घेतला. ज्याचा बाप, गाव, भावकी सगळं वर्गाला पाठ आहे असा माणूस म्हणजे मीच. जागा रामलिंगची निवडली, कारण येडशीचं रामलिंग निम्म्या वर्गानं पाहिलेलं आहे. रविवारी मी दोन मित्रांबरोबर रामलिंगला गेलो. आधी आम्ही दर्शन घेतलं. मग धबधबा पाहिला. नंतर डबा उघडला तेव्हा एका माकडानं माझी चपाती पळवली. मित्र हसले. शेवटी मीही हसलो. संध्याकाळी घरी आलो. मला फार आनंद झाला. अशी बारा वाक्यं, सगळी भूतकाळातली, एकही शब्द अवघड नाही. वर दिनांक हवाच असं साहेबांनी बजावलं होतं, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून लगतचा रविवार टाकला, एक फेब्रुवारी. गुरुवारी वर्गात कागद वाटले आणि सांगितलं, हे खरं घडलेलं आहे. रिकाउंट कधी खोटा नसतो. खोटं लिहिलं की ती नुसती गोष्ट होते. हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं, खाली रेघ मारली आणि चौतीस जणांकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं. एवढ्यावर थांबलो असतो तर आज हे पत्र लिहीत बसलो नसतो. पण मी गृहपाठही दिला. प्रत्येकानं कागद घरी मोठ्यानं वाचायचा, घरच्यांना मराठीत अर्थ सांगायचा आणि खाली वडीलधाऱ्यांची सही किंवा अंगठा आणायचा. चौतीस घरं म्हणजे आमच्या गावात एक घर आड एक.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. ते दोन दिवस माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस होते. वर्ग वाचायला लागला. मी पुढं न म्हणता वाचायला लागला. माकडानं चपाती आधी नेली की धबधबा आधी पाहिला, यावर दोन बाकांत भांडण जुंपलं, आणि ते मिटवायला मल्लेशनं कागदावरच्या ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजी ओळीवर आत्या, स्वतःहून. आणि ज्ञानेश्वरी. ही धनाजीची धाकटी मुलगी. (धनाजी म्हणजे आमच्या शाळा समितीचा अध्यक्ष. सहा एकर रान, दोन म्हशी, आणि समोरच्याला आधी खाली बसवून मग बोलायची सवय.) ही मुलगी जूनपासून इंग्रजीच्या तासाला एक शब्द बोललेली नव्हती. काही विचारलं की उभी राहायची आणि मी बस म्हणेपर्यंत उभीच असायची. तिनं शुक्रवारी सबंध कागद अडखळत का होईना वाचला, आणि वाचून झाल्यावर विचारलं, सर, चपातीबरोबर भाजी कंची व्हती? मला भरून आलं. मी वांग्याची म्हणून सांगितलं.

आता एक फेब्रुवारीचं सांगतो. त्या दिवशी धनाजीच्या नातवाचं, म्हणजे थोरल्या मुलाच्या मुलाचं, जावळ होतं. धनाजी आमंत्रणाला स्वतः खोलीवर येऊन गेला होता, एकदा नव्हे, दोनदा. सगळ्या गावाला मटणाचं जेवण, पण मी खात नाही म्हणून त्याच्या आईनं, नागूबाईंनी, वेगळ्या चुलीवर माझ्या एकट्यासाठी पुरण घातलं होतं, आणि मांडवात मुख्याध्यापकांच्या शेजारी माझ्या नावाचा टॉवेल, टोपी आणि नारळ मांडून ठेवला होता. हे सगळं त्या कॅलेंडरच्या चौकटीत मी माझ्याच हातानं लिहून ठेवलेलं होतं, पण पेन्सिलीनं, आणि माझी पेन्सिल फिकट आहे. मी जावळाला गेलो नाही. पहाटेच सिदूच्या हाती निरोप धाडला की ताप भरलाय, उठवत नाही. (सिदू मल्लेशचा बाप, मेंढरं राखतो.) ताप नव्हता. मग कुठं होतो, असं तुम्ही विचाराल हे मला माहीत आहे, पण तो प्रश्न या पत्राच्या दृष्टीनं गौण आहे. त्या खोट्या तापाची शिक्षाही भोगून झाली. सोमवारपासून तीन दिवस नागूबाई मऊ भात घेऊन आल्या, बिनमिठाचा, कारण तापात मीठ बाधतं असं त्यांचं मत आहे, आणि मी समोर बसून संपवल्याशिवाय त्या उंबऱ्यावरून उठत नव्हत्या. तिन्ही दिवस मला सडकून भूक होती.

आणि त्याच नागूबाईंसमोर शुक्रवारी संध्याकाळी ज्ञानेश्वरीनं कागद वाचला. मी तिथं नव्हतो, पण आतापर्यंत चौदा जणांनी मला तो प्रसंग सांगितला आहे (क्रमानं एकानंही नाही). पोरगी इंग्रजी वाचते म्हणून धनाजीनं म्हशीची धार अर्धी टाकून सगळ्यांना गोळा केलं होतं. तिनं दिनांक वाचला. त्याचा मराठीत अर्थ सांगितला. धनाजीनं बोटं मोजली. मग ती पुढचं वाचत गेली, दर्शन, धबधबा, माकड, आणि मला फार आनंद झाला हे शेवटचं वाक्य तर तिनं, शिकवल्याप्रमाणं, भाव आणून वाचलं. धनाजीनं सही केली. मराठीत, पूर्ण नावानिशी. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी तो फाटकात उभा होता. ‘सर, ताप उतरला का? न्हाय, माकडामागं लई पळापळ झाली असंल म्हणून इचारलं.’ नागूबाई माझ्या खोलीवर राहिलेलं त्यांचं भाताचं पातेलं तेवढं घेऊन गेल्या.

तुम्हाला वाटेल प्रकरण एवढंच असेल. तसं असतं तर मी धनाजीच्या पाया पडून मोकळा झालो असतो. पण शनिवारी दुपारी सिदूनं मला पारावर गाठलं. ‘सर, म्या जावळानंतर चार दिस त्या अंगालाच मेंढरं घिऊन व्हतो. धबधब्याला पाण्याचा टिपूस न्हाय. तुमी काय बघितलं?’ आत्या, रामलिंगचा धबधबा पावसाळ्यात असतो. हे मला माहीत आहे. हे पाचवीच्या पोरालाही माहीत आहे. पण लिहिताना मला भूतकाळ सांभाळायचा होता, ऋतूकडं लक्ष राहिलं नाही. तेव्हापासून गावात दोन तट पडले आहेत. अर्धं गाव म्हणतं सर रामलिंगला गेले होते, म्हणजे ताप खोटा. अर्धं म्हणतं सर गेलेच नव्हते, म्हणजे कागद खोटा. दोन्ही तटांना मी खोटा आहे याबद्दल शंका नाही, वाद फक्त कशात खोटा याचा आहे. आणि सगळ्यात ताप कशाचा होतो माहीत आहे? ते प्रश्न माझेच घेऊन माझ्यामागं लागले आहेत. कोण गेलं होतं? ते दोन मित्र कोण, कुणाचे? किती वाजता? आधी काय झालं? किराणा दुकानात साखर मागायला गेलो तर दुकानदारानं विचारलं, शेवटी तुम्हाला काय वाटलं. एकोणीस वर्षं मी या गावाला वाचलेल्यावर प्रश्न विचारा म्हणून सांगतो आहे, आणि त्यांनी मुहूर्त हा काढला.

आता येत्या शनिवारी दुपारी चारला धनाजीनं समितीची सभा लावली आहे. विषय एकच: आठवीच्या इंग्रजीचा कागद खरा की खोटा, हे सरांनी पालकांसमोर सांगावं. खरा म्हणावं तर ज्या म्हातारीनं माझ्यासाठी वेगळी चूल मांडली तिचं पुरण टाकून मी माकडांबरोबर जेवायला गेलो असं ठरतं. खोटा म्हणावं तर चौतीस मुलांना आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीतल्या ओळीवर विश्वास बसला होता, तो मीच मोडायचा. सोमवारी वर्गात मल्लेशनं विचारलंच, सर, हे खोटं असंल तर ते टॉमचं बी खोटंच का? मी घाईघाईनं नवा गृहपाठ दिला: आता तुम्ही स्वतःचा खरा वृत्तान्त लिहा, शुक्रवारपर्यंत, आणि नेहमीप्रमाणं घरी वाचून सही आणा. ज्ञानेश्वरी खाली मान घालून बसली होती. मला रात्री झोप येत नाही ती धनाजीमुळं नाही, या पोरीमुळं. ती पुन्हा उभी राहून गप्प बसायला लागली, तर मी या गावात काय केलं म्हणायचं?

असो. तुमचा डोळा जपा, थेंब वेळेवर घाला. काकांना नमस्कार. पत्र लांबलं, पण रागानं लिहिलेलं पत्र आखूड होत नाही.

तुमचा आज्ञाधारक,
शंतनू

ता. क. – एक किरकोळ काम राहिलं. सभेत दाखवायला मला एक चिठ्ठी हवी आहे. एक फेब्रुवारीला, रविवारी, तुम्ही न्हाणीघरात पाय घसरून पडलात आणि मला तातडीनं तुळजापूरला बोलावून घेतलंत, एवढं तुमच्या हस्ताक्षरात लिहून पाठवा. घरचं माणूस पडलं म्हटलं की धनाजी मऊ पडेल. ताप मी काळजीपोटी सांगितला आणि सहल मुलांसाठी रचली, असं मग जुळवता येतं. फार जोरात पडलात असं लिहू नका, नाहीतर नागूबाई तुम्हालाही भात घेऊन येतील. चिठ्ठी मराठीत चालेल. इंग्रजीत लिहिलीत तर ती मला सभेत मोठ्यानं वाचावी लागेल, तेव्हा मराठीतच बरी.

ता. क. दुसरा, शुक्रवार, १३ फेब्रुवारी – बुधवारचा पोस्टमन आला नाही, म्हणून पत्र माझ्याकडंच राहिलं. वरचा ता. क. खोडणार होतो, पण मुलांना खाडाखोड करू नका असं सांगतो, त्यामुळं तसाच ठेवला आहे. चिठ्ठी लिहू नका. का, ते सांगतो.

आज मुलांनी आपापले वृत्तान्त दिले. तेहतीस जणांनी रामलिंगचीच सहल लिहिली आहे, नुसती माणसं बदलून. अकरा जणांच्या चपात्या गेल्या. ज्ञानेश्वरीनं मात्र वेगळं लिहिलं. तिच्या इंग्रजीत स्पेलिंगच्या नऊ चुका आहेत, पण एकाही वाक्याचा अर्थ सुटत नाही. तुम्हाला मराठीत देतो:

गेल्या रविवारी मी आणि आमचे घरचे बाळाला घेऊन तुळजापूरला गेलो. आधी आम्ही दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो. मग आजीचे पाय दुखले. आजी आणि मी पेढ्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. वरच्या मजल्यावर इंग्रजी बोलत होते. मी जिना चढले. दार उघडे होते. तिथे वर्ग होता. आमचे सर दुसऱ्या बाकावर बसले होते. मॅडम म्हणाल्या, गेल्या रविवारी काय केले ते सांगा. सर उभे राहिले. सर खूप वेळ उभे राहिले. मॅडमनी विचारले, तुम्ही काय करता? सर म्हणाले, मी शेती करतो. सरांना शेत नाही. मग मी खाली आले. आजीने विचारले, वर काय आहे? मी म्हणाले, काही नाही. मी बाबांना सांगितले नाही. मला वाईट वाटले. नंतर मला बरे वाटले, कारण सर पण माझ्यासारखे उभे राहतात.

आत्या, हे खरं आहे. बोलायच्या इंग्रजीचा तो वर्ग तुमच्या घरापासून शंभर पावलांवर आहे. नोव्हेंबरातल्या त्या प्रशिक्षणानंतर मी नाव घातलं. दर रविवारी पहाटेच्या गाडीनं येतो, दहा ते एक तिथं बसतो आणि तुमची गल्ली टाळून मागच्या रस्त्यानं स्टँडवर जातो. जावळाच्या दिवशीही तिथंच होतो. एक रविवार चुकवला असता तरी चाललं असतं, पण त्या दिवशी मला पुढं येऊन बोलायचं होतं आणि आठवडाभर मी पाठ करून ठेवलं होतं. ऐनवेळी तेही आठवलं नाही. कंबर धरली ती त्या बाकड्यांनी. ती कॉलेजच्या मुलांच्या मापाची आहेत. शिकवणारी जाई नावाची मुलगी चोवीस वर्षांची आहे, मला काका म्हणते. मी इंग्रजीचा शिक्षक आहे हे तिला सांगायची हिंमत झाली नाही. आणि तुमच्या घरी यायची तर त्याहून नाही, कारण आमच्या शंतनूचं इंग्रजी म्हणजे वाहतं पाणी असं तुम्ही गल्लीभर सांगून ठेवलंय. मला छापलेलं वाचता येतं, व्याकरण येतं, पेपर तपासता येतात. तोंड उघडलं की एक वाक्य उभं राहत नाही.

आज शाळेत वर्ग सुटल्यावर ज्ञानेश्वरी कागद घेऊन टेबलापाशी आली. ‘सर, ह्ये घरी वाचून दावायचं का?’ तिनं अजून सही आणली नव्हती. मला तो कागद तिच्या हातून काढून घेता आला असता. स्पेलिंग सुधारून देतो म्हटलं असतं तर तिनं दिलाही असता. आत्या, मी पन्नाशीकडं चाललेला माणूस आहे आणि त्या वेळी मला एका चौदा वर्षांच्या मुलीची भीती वाटली. पण तिनं सबंध पान खरं लिहिलं होतं, कोण, कधी, कुठं, आधी काय, मग काय, एक शब्द माझा न घेता. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा अभिमान जास्त वाटला. मी म्हटलं, वाच. मोठ्यानं वाच.

ता. क. तिसरा, शनिवार, सकाळी दहा – सभा होणार नाही. धनाजी सकाळी सातलाच खोलीवर आला, कागद घेऊन. मला आधी खाली बसवलं. ‘जावळादिशी बी तिथंच व्हता?’ मी म्हटलं, व्हय. ‘मग ताप कशाला म्हणला?’ मी खरं ते सांगितलं, की लाज वाटली. त्याला इंग्रजी येत नाही, पण पोरीनं ओळ न ओळ बोट ठेवून सांगितली होती म्हणे, आणि सर खूप वेळ उभे राहिले ही ओळ त्यानं दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, ‘सर, मला इंग्रजी येत न्हाय. पोरीला यावं म्हणून तिला तुमच्या म्होरं बसवली. आता तुमालाच बोलता येत न्हाय म्हणल्यावर आमी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?’

तोच पुढं म्हणाला, ‘त्या लेकरांच्या वर्गात काय बसता? चांगलं शिकवणारं कुणी जाणतं माणूस न्हाय का तुळजापुरात?’ मी तुमचं नाव सांगितलं. धनाजीनं ठरवून टाकलं. दर रविवारी मी तुमच्याकडं येऊन इंग्रजी बोलायला शिकायचं. ज्ञानेश्वरीनं बरोबर यायचं, माझ्या शेजारी बसायचं आणि सर किती शिकले याचा वृत्तान्त लिहून घरी मोठ्यानं वाचायचा. पोरीला एकटी पाठवता येत नाही म्हणून नागूबाईही येणार. त्या माझ्याशी अजून बोलत नाहीत, पण काल रात्री त्यांनी कागदावर अंगठा उठवलाय.

सिदू दुपारच्या गाडीनं तुळजापूरला निघालाय, त्याच्या हाती पत्र देतो. उद्या दहाच्या आत आम्ही तिघं पोचतो. नागूबाईंना जिना चढवत नाही, त्यांना खालीच बसवा, आणि त्यांच्यासमोर तापाचा विषय नको. तुम्हाला रागवायचं असेल तर काकांच्या देखत रागवा, माझी तयारी आहे. फक्त आत्या, पहिल्या दिवशी मला पोरीसमोर फार प्रश्न विचारू नका.